काखेत कळसा, व्हिएतनामला वळसा

महाशिवरात्रीला वैनगंगेच्या तीरी मार्कंडादेवाची यात्रा भरते. गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतून, सीमेपलीकडच्या छत्तीसगड आणि तेलंगणातून भाविकांचा महापूर लोटतो. देवापुढे नारळ फुटतो, बेल वाहिला जातो आणि अगरबत्ती लावली जाते. नारळ कोकणातला किंवा आंध्रातला, बेल रानातला. अगरबत्तीची काडी मात्र कुठली, असा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. येण्याचे कारणही नाही. ज्या जिल्ह्याच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास भूमीवर अरण्य उभे आहे आणि ज्या अरण्यात बांबूची बेटे आहेत, तेथे काडी बाहेरून आली असेल अशी शंका तरी कोण घेईल?

पण ती बाहेरून आली. देशातील अगरबत्तीची काडी आणि न सुगंधलेली कच्ची अगरबत्ती वर्षानुवर्षे व्हिएतनाम आणि चीनमधून समुद्रमार्गे येत राहिली. खादी व ग्रामोद्योग आयोगाने दिलेली आकडेवारी डोळ्यांत अंजन घालणारी आहे. कच्च्या अगरबत्तीच्या आयातीचा वाटा २००९ साली अवघा २ टक्के होता; २०१९ पर्यंत तो ८० टक्क्यांवर गेला. गोल बांबूकाडीची आयात २००९ मध्ये ३१ कोटी रुपयांची होती. २०१८ मध्ये ती ५४६ कोटींवर पोहोचली. देशाची रोजची अगरबत्तीची गरज सुमारे १४९० टन आणि देशातले उत्पादन ७६० टन, असा हिशेब याच आयोगाने २०२० साली मांडला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्या आर्थिक धोरणाने हा वळसा थेट व्हिएतनामपर्यंत नेला.

हे कसे घडले, हे समजून घेणे आवश्यक आहे. कारण 'शेजारी राष्ट्रांशी आर्थिक सहकार्य', 'प्रादेशिक एकात्मता', 'मुक्त व्यापार क्षेत्र' असे भारदस्त शब्द वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांतून जेव्हा आपल्यावर फेकले जातात, तेव्हा त्यांचा अर्थ दिल्लीच्या परिसंवादात एक असतो आणि आरमोरीच्या बाजारात दुसरा.

एका वर्षाची दोन दृश्ये

२०११ हे वर्ष गडचिरोली जिल्ह्याच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला 'वृक्ष' ठरवले होते. वनस्पतिशास्त्र बांबूला गवत म्हणते, इंग्रजांचा कायदा त्याला झाड म्हणत होता. या एका व्याख्येमुळे ज्याच्या दारात बांबू उगवला त्याला तो तोडता येत नव्हता, विकता येत नव्हता, वाहून नेता येत नव्हता. सूप-टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला बांबूसाठी वनविभागाच्या दारात उभे राहावे लागे आणि त्याच वेळी कागद गिरण्यांना दीर्घ मुदतीच्या करारांनी जंगलचे जंगल मोकळे होते. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या छोट्याशा गोंड गावाने श्री. देवाजी तोफा यांच्या नेतृत्वाखाली या अन्यायाशी दीर्घ झुंज दिली. २००६ च्या वनाधिकार कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळवला आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. आपला बांबू आपण विकण्याचा अधिकार देशात प्रथमच एका ग्रामसभेला मिळाला.

हे पहिले दृश्य. आता दुसरे पाहा.

त्याच्या बरोबर दोन महिने आधी, २८ फेब्रुवारी २०११ रोजी, त्याच सरकारचे अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी लोकसभेत अंदाजपत्रक मांडले. त्यात अगरबत्तीच्या बांबूवरील आयातशुल्क ३० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणि कच्च्या रेशमावरील आयातशुल्क ३० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आले. बांबू आणि रेशीम! आरमोरीच्या परिसरातील माणसाला या दोन शब्दांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. जंगलावर पोट असणाऱ्यांच्या हातात धान आणि तेंदू सोडल्यास रोख पैसा आणणाऱ्या ज्या मोजक्या गोष्टी होत्या, त्यांतल्या दोन एकाच भाषणात बाजाराच्या लाटेवर सोडून दिल्या गेल्या.

या सवलतीमागे उदात्त हेतू नव्हता असे नाही. अगरबत्ती वळणाऱ्यांना स्वस्त काडी मिळावी, विणकरांना स्वस्त सूत मिळावे, असा युक्तिवाद होता आणि तो सर्वस्वी खोटाही नव्हता. पण वळणाऱ्याला दिलेली सवलत काडी करणाऱ्याच्या ताटातून काढून दिली गेली आणि पुढे तर काडीबरोबर वळलेली अगरबत्तीही बाहेरून येऊ लागली. तेव्हा ज्याच्या नावाने सवलत मागितली होती, त्या वळणाऱ्याच्याही हातचे काम गेले. एका मंत्रालयाने आदिवासी ग्रामसभेला बांबू विकण्याचा हक्क दिला आणि दुसऱ्या मंत्रालयाने तो विकायचा बाजारच परक्यांना खुला करून दिला. देणारा हात आणि हिरावणारा हात एकाच सरकारचे होते.

२०१० नंतरच्या दशकात वनविभागाच्या पुढाकाराने जिल्ह्यात गावोगावी अगरबत्ती केंद्रे निघाली. गावातल्या बायाबापड्यांना गाव न सोडता, घरदार सांभाळून चार पैसे मिळू लागले. जेथे तरुणांच्या हातात बंदूक द्यायला माणसे टपून बसली होती, तेथे हाताला काम देणे हे कोणत्याही पोलीस छावणीइतकेच राष्ट्ररक्षणाचे काम होते. अशा केंद्रातल्या भगिनीची स्पर्धा शेजारच्या तालुक्याशी नव्हती. ती हनोईच्या परिसरातील यंत्रशाळेशी होती आणि तिला ते कोणी सांगितलेही नव्हते.

कराराची मेख

अंदाजपत्रकातले शुल्क हा एक दरवाजा झाला. दुसरा दरवाजा त्याहून मोठा आणि तो एकदा उघडला की आपल्या इच्छेने लावता येत नाही. तो म्हणजे व्यापार करार.

आग्नेय आशियातील दहा राष्ट्रांच्या 'आसियान' संघटनेशी भारताने १३ ऑगस्ट २००९ रोजी बँकॉक येथे वस्तुव्यापाराचा करार केला. १ जानेवारी २०१० पासून तो अमलात आला. व्हिएतनाम हा आसियानचा सदस्य. या करारांची मेख अशी, की ज्या वस्तूवर सवलतीचा दर मान्य केला, तो दर कराराने बांधला जातो. पुढे आपल्या अंदाजपत्रकात सर्वसाधारण शुल्क वाढवले, तरी करारातील देशाला कराराचाच दर लागू राहतो. आपल्या संसदेने आपल्याच सीमेवर घातलेले कुलूप शेजाऱ्याच्या किल्लीने उघडते, असा हा प्रकार. करार करणाऱ्या वाटाघाटीकाराला हे कळत असते. ज्याच्या पोटावर तो करार होतो, त्याला ते दहा वर्षांनी कळते.

आणि या करारांतून आपल्याला काय मिळाले? २०१०-११ साली आसियानशी आपली व्यापारी तूट सुमारे ५ अब्ज डॉलर होती. २०२२-२३ साली ती ४३ अब्ज डॉलरच्या पुढे गेली. सहकार्य याचा अर्थ दोघांनी मिळून कार्य करणे. येथे एकाने विकायचे आणि दुसऱ्याने घेतच राहायचे. याला सहकार्य नव्हे, गिऱ्हाइकी म्हणतात.

दुसरे उदाहरण आपल्या अगदी जवळच्या शेजाऱ्याचे आहे. श्रीलंकेशी मुक्त व्यापाराचा करार २८ डिसेंबर १९९८ रोजी झाला आणि मार्च २००० पासून अमलात आला. श्रीलंकेशी आपले रामायणापासूनचे नाते. तिच्या भरभराटीचे आपल्याला वावडे असण्याचे कारण नाही. पण झाले काय? ज्या बेटावर वनस्पती तुपाचा मोठा उद्योग नव्हता, तेथून वनस्पती तुपाचे लोंढे भारतात येऊ लागले. तेल मलेशियाचे, डबा लंकेचा आणि सवलत भारताची! तांब्याचेही तेच झाले. पुढे काळी मिरी आली. व्हिएतनामची मिरी लंकेच्या वाटेने सवलतीत येत असल्याची ओरड केरळ आणि कर्नाटकच्या शेतकऱ्यांनी केली. अखेर डिसेंबर २०१७ मध्ये आपल्या सरकारला मिरीसाठी किलोमागे ५०० रुपयांची किमान आयात किंमत ठरवावी लागली. यात श्रीलंकेच्या सामान्य माणसाच्या पदरात काय पडले? काहीही नाही. मलई दलालांनी खाल्ली आणि शेजारधर्माचे नाव बद्दू झाले.

माल खरोखर कोठे तयार झाला, हे ठरवणारे उगमाचे नियम कागदावर होते. पण ते तपासण्याची जबाबदारी मुख्यतः माल पाठवणाऱ्या देशाच्या प्रमाणपत्रावर सोडलेली होती. चोरानेच आपल्या प्रामाणिकपणाचा दाखला द्यावा, तशी ही व्यवस्था. ती सुधारण्यासाठी भारताला २१ सप्टेंबर २०२० पर्यंत थांबावे लागले. त्या दिवसापासून उगमाची माहिती जवळ बाळगण्याची जबाबदारी आपल्या आयातदारावर आली. करार २००० आणि २०१० मध्ये, पहारेकरी २०२० मध्ये. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण उगीच नाही पडलेली.

युरोपचे गोडवे गाणाऱ्यांना

येथे आपल्याकडील अर्थपंडितांचा एक वर्ग हमखास उभा राहतो. 'युरोपकडे पाहा', तो म्हणतो. 'शतकानुशतके एकमेकांचे गळे कापणारे फ्रान्स आणि जर्मनी व्यापाराने एकत्र आले. दक्षिण आशियाच तेवढा भांडत बसला आहे. शेजाऱ्यांमधला आपसातला व्यापार एकूण व्यापाराच्या जेमतेम पाच टक्के! केवढे हे दुर्दैव!'

दुर्दैव खरेच, पण कोणामुळे? सार्कची स्थापना ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यात झाली. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारावर जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबाद येथे सह्या झाल्या; त्या वेळी पंतप्रधानपदी अटलजी होते. कारगिलच्या जखमा भरल्या नसतानाही त्यांनी मैत्रीचा हात पुढे केला होता. भारताने १९९६ साली पाकिस्तानला 'सर्वाधिक अनुकूल राष्ट्र' हा दर्जा दिला. पाकिस्तानने तो आपल्याला कधीच दिला नाही. आपण मात्र तेवीस वर्षे एकतर्फी शेजारधर्म पाळत राहिलो. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामा येथे आपल्या चाळीस जवानांच्या चिंधड्या उडाल्या, तेव्हा कुठे तो दर्जा काढून घेण्यात आला. २०१४ च्या काठमांडू परिषदेत वाहनांच्या मुक्त वाहतुकीचा साधा करार पाकिस्ताननेच अडवला. ज्या शेजाऱ्याला आपल्या घरात यायचे आहे ते फक्त सुरुंग पेरायला, त्याच्याशी एकात्मता साधण्याचा उपदेश युरोपच्या कोणत्या पुस्तकात लिहिला आहे?

त्यावर उपाय म्हणून भारत, भूतान, बांगलादेश आणि नेपाळ या चार देशांनी जून २०१५ मध्ये थिम्पू येथे आपसातला वाहन करार केला. त्याचेही पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. २०१६ साली भूतानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने तो नाकारला. बाहेरच्या वाहनांची गर्दी आपल्या लहान देशाला, तेथील पर्यावरणाला आणि रोजगाराला झेपणार नाही, अशी त्यांची भीती होती. भारताने त्या निर्णयाचा आदर केला आणि कोणा विचारवंताने भूतानला संकुचित म्हटल्याचे ऐकिवात नाही. मग भूतानने आपल्या रस्त्यांचा विचार केला तर तो शहाणपणा आणि भारताने आपल्या आदिवासींच्या काडीचा विचार केला तर तो कूपमंडूकपणा, हा न्याय कुठला?

आणि युरोपबद्दल सांगायचे तर अर्धेच सांगू नये. १९५७ च्या रोम कराराने युरोपची बाजारपेठ एक झाली हे खरे. पण त्यानंतर पाचच वर्षांत, १९६२ साली, युरोपने आपल्या शेतकऱ्यांसाठी समान कृषी धोरणाची तटबंदी उभारली. आजही युरोपीय संघाच्या अंदाजपत्रकाचा सुमारे तिसरा हिस्सा शेतीवर खर्च होतो. आपल्या शेवटच्या शेतकऱ्याची सोय आधी आणि एकात्मता नंतर, हा युरोपचा खरा धडा आहे. आमचे पंडित पुस्तकाचे मुखपृष्ठ वाचून परततात.

चार नोव्हेंबरचा नकार

या पार्श्वभूमीवर ४ नोव्हेंबर २०१९ या दिवसाचे महत्त्व जाणले पाहिजे. आसियानची दहा राष्ट्रे, चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांना एका सूत्रात बांधणाऱ्या 'आरसेप' या महाकराराच्या वाटाघाटी २०१२ पासून चालल्या होत्या. आसियानच्या दरवाजाने व्हिएतनामची काडी आली; आरसेपच्या महाद्वाराने चीनची प्रत्येक वस्तू आणि न्यूझीलंडची दूधभुकटी आली असती. ऑक्टोबर २०१९ मध्ये स्वदेशी जागरण मंचाने त्याविरुद्ध देशभर आंदोलन केले. दूध संघ, शेतकरी संघटना, लघुउद्योजक, इतकेच काय पण एरवी सरकारच्या विरोधात उभे राहणारे पक्षही या प्रश्नावर एका स्वरात बोलले. बँकॉकच्या परिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी, गांधीजींचा मंत्र आणि आपला विवेक या दोहोंपैकी कोणीही या कराराला संमती देत नाही असे सांगून भारताला बाहेर ठेवले. गांधीजींचा तो मंत्र म्हणजे आपण पाहिलेल्या सर्वात दुर्बळ माणसाचा चेहरा आठवणे. त्या दिवशी दिल्लीच्या वाटाघाटीकारांना तो चेहरा आठवला. २०११ च्या अंदाजपत्रकात तो आठवला नव्हता.

उरलेल्या पंधरा देशांनी १५ नोव्हेंबर २०२० रोजी सह्या केल्या, १ जानेवारी २०२२ पासून करार लागू झाला आणि 'भारताची गाडी चुकली' असा विलाप सुरू झाला. कोणती गाडी? ज्या गाडीत बसून आसियानशी तूट आठपटीहून अधिक वाढली, तीच गाडी आणखी एका मोठ्या इंजिनाला जोडली जात होती. उतरणे हेच शहाणपणाचे होते.

बांबूच्या बाबतीतही उशिरा का होईना, पावले पडली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी अगरबत्तीची आयात 'मुक्त' यादीतून काढून 'प्रतिबंधित' यादीत टाकण्यात आली. जून २०२० मध्ये बांबूवरील आयातशुल्क १० टक्क्यांवरून २५ टक्के करण्यात आले. २०२१ च्या अंदाजपत्रकात कच्च्या रेशमावरील शुल्क १० वरून १५ टक्के झाले. आसियान कराराच्या फेरआढाव्याला २०२३ साली तोंड फुटले. या निर्णयांचे स्वागत करणे हे कर्तव्यच आहे.

परंतु केवळ स्वागत करून थांबणे हे कर्तव्यच्युती ठरेल. कारण विरोधकांचा एक प्रश्न बिनतोड आहे आणि त्याला सामोरे गेले पाहिजे. 'चीनशी तर तुमचा मुक्त व्यापार करार नाही,' ते म्हणतात, 'आरसेपलाही तुम्ही नकार दिलात. मग चीनशी असलेली तूट २०२४-२५ साली ९९ अब्ज डॉलरवर कशी गेली?' या प्रश्नाचे उत्तर घोषणेने देता येत नाही. दार लावल्याने चोर थांबतो, पण दार लावल्याने घरात स्वयंपाक शिजत नाही. आपल्याकडे जी वस्तू बनतच नाही, किंवा बनते पण महाग आणि ओबडधोबड बनते, ती कोणत्या ना कोणत्या फटीतून आत येणारच.

घरचे कुलूप कोणी घातले?

म्हणून आता थोडे घरात पाहू. व्हिएतनामची काडी का टिकली? ती यंत्रावर कातलेली, गोल आणि एकसारखी असते. अगरबत्ती वळणाऱ्या यंत्रात अडकत नाही. आपली काडी बहुतांशी हाताने चिरलेली, चौकोनी. त्यांचा कारखाना बांबूचे पेर न् पेर वापरतो. काडी निघाल्यावर उरलेल्यातून चटया, कोळसा, फळ्या होतात. आपल्याकडे काडीसाठी घेतलेल्या बांबूपैकी जेमतेम १६ टक्के काडीत जातो आणि उरलेला वाया जातो, असे खादी आयोगच सांगतो. ज्याचे शंभरातले चौऱ्यांशी वाया जातात, त्याने उरलेल्या सोळांच्या भरवशावर स्पर्धा कशी करावी?

बरे, त्या वाया जाणाऱ्या बांबूचा कोळसा करून परदेशी विकावा, तर त्या कोळशाच्या निर्यातीवर आपल्याच सरकारची बंदी होती! ती मे २०२२ मध्ये उठली. बांबू वनाबाहेर वाढला तरी त्याला 'झाड' म्हणणारा १९२७ चा कायदा २०१७ च्या नोव्हेंबरात बदलला. स्वातंत्र्याच्या सत्तर वर्षांनी बांबू आपल्या शेतात गवत झाला. ही दिरंगाई व्हिएतनामने केली नाही, चीननेही केली नाही. वडसा-गडचिरोली हा पन्नासएक किलोमीटरचा रेल्वेमार्ग वर्षानुवर्षे रेंगाळला, तोही कोणा परकीय शक्तीच्या कटामुळे नव्हे. हायफाँगच्या बंदरातून निघालेला माल चेन्नईला सुखाने पोहोचतो आणि आरमोरीचा बांबू ट्रकच्या भाड्यातच अर्धमेला होतो.

कोशाचे दुःखही याच जातीचे आहे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे वाढवणे हा आपल्या भागातील ढिवर समाजाचा पिढीजात व्यवसाय. आरमोरीचा कोसा नावाजलेला. करवतीच्या दात्यांसारखा काठ असलेली विदर्भाची टसर साडी ही एक अभिमानाची वस्तू. तुती, टसर, एरी आणि मुगा हे चारही प्रकारचे रेशीम व्यापारी पातळीवर पिकवणारा भारत हा जगातला एकमेव देश. आणि तरीही भागलपूरच्या मागांवर चिनी आणि कोरियन टसर सूत चढते, हे उघड गुपित आहे. विणकराला दोष देता येणार नाही; त्याला लागते तसे एकसारखे सूत पुरेसे मिळत नाही. आपल्या भगिनी मांडीवर घासून सूत काढत राहिल्या, कातडी सोलवटून घेत राहिल्या आणि त्यांच्यासाठी 'बुनियाद' नावाचे साधे यंत्र देशपातळीवर पुढे आणायला २०१८ साल उजाडले. चीनला शिव्या देण्याआधी हा हिशेब मांडला पाहिजे.

धानाचे तर विचारूच नका. आरमोरी, देसाईगंज, ब्रह्मपुरी, नागभीड हा धानाचा पट्टा. नागभीड तालुक्यातील नांदेडच्या दादाजी खोब्रागडे या अल्पशिक्षित शेतकऱ्याने निरीक्षणातून एचएमटी हे वाण निवडले आणि देशाच्या ताटात ते पोहोचवले. २०१८ साली हा ऋषितुल्य माणूस गेला. अशा भूमीचा तांदूळ जगाच्या बाजारात दिमाखाने जावा की नाही? पण २० जुलै २०२३ रोजी बिगरबासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी आली आणि ती उठायला २८ सप्टेंबर २०२४ उजाडले. शहरातील ग्राहकाला महागाईची झळ लागू नये ही काळजी समजू शकते. पण आयात खुली करताना ग्राहकाचे हित, निर्यात बंद करतानाही ग्राहकाचेच हित. मग उत्पादकाचे हित पंचांगातल्या कोणत्या तिथीला येते, हे एकदा सांगावे. दोन्ही वेळा तराजूच्या खालच्या पारड्यात आरमोरीचाच शेतकरी का?

स्वदेशी म्हणजे केवळ जकातीची भिंत नव्हे. विदर्भाचेच सुपुत्र, आर्वीचे दत्तोपंत ठेंगडी यांनी आयुष्यभर हेच सांगितले, की स्वदेशी हा राष्ट्राच्या स्वाभिमानाचा आणि कर्तृत्वाचा आविष्कार आहे. कर्तृत्व नसलेला स्वाभिमान आणि यंत्र नसलेले शुल्क, दोन्ही फार काळ टिकत नाहीत.

शेजारधर्म कशाला म्हणावे?

याचा अर्थ शेजाऱ्यांकडे पाठ फिरवावी, असा कोणी काढू नये. वसुधैव कुटुंबकम् म्हणणारी आपली परंपरा शेजाऱ्याला उपाशी ठेवणारी नाही. २०२२ साली श्रीलंका दिवाळखोरीच्या खाईत कोसळली, तेव्हा सुमारे ४ अब्ज डॉलरचे साहाय्य घेऊन प्रथम धावून गेला तो भारत. तांदळाची निर्यातबंदी असतानाही भूतानला ७९ हजार टन आणि नेपाळला ९५ हजार टन तांदूळ देण्याची वाट भारताने मोकळी ठेवली. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळच्या डोंगरातली ४० मेगावॉट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशात पोहोचली. नेपाळला गिऱ्हाईक मिळाले, बांगलादेशाला उजेड मिळाला आणि भारताच्या कोणत्याही गावातील चूल विझली नाही. याला म्हणतात सहकार्य! ज्याच्याजवळ जे अधिक आहे ते त्याने द्यावे, ज्याच्याजवळ नाही त्याने घ्यावे आणि कोणाच्या मुलाच्या तोंडचा घास दुसऱ्याच्या नफ्यासाठी काढू नये.

आपल्या जंगलातही असा देण्याजोगा माल आहे. श्रीलंकेतील विडी उद्योगाला आपल्या तेंदूपानाची गरज असते. ती सरळ मार्गाने भागत नाही म्हणून तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून चोरट्या होड्यांतून पाने जातात आणि वारंवार पकडली जातात. ज्या पानासाठी गडचिरोलीच्या ग्रामसभा उन्हातान्हात फळीवर पुडे मोजतात, त्याचा नफा तस्कराने खावा, यापेक्षा मोठी विटंबना कोणती? मुक्त व्यापाराचा पुळका असणाऱ्यांनी श्रीलंकेशी बोलताना पानाचा हा विषय कधी लावून धरला होता काय?

म्हणून आमचे म्हणणे स्वच्छ आहे. यापुढे कोणताही प्रादेशिक करार करताना, ज्या जिल्ह्यांच्या उपजीविकेला त्याची झळ पोहोचेल त्या जिल्ह्यांत आधी जाहीर सुनावणी व्हावी. कारखान्यासाठी जमीन घेताना जनसुनावणी लागते, मग बाजार देताना का नको? बांबू, कोसा, धान, दूध आणि वनोपज यांना करारांच्या सवलतीच्या यादीबाहेर ठेवावे. आसियान कराराच्या फेरआढाव्यात, आयात एका मर्यादेपलीकडे गेली की सवलत आपोआप थांबेल, असे कलम घालून घ्यावे. आणि या सगळ्याच्या जोडीला आरमोरी, वडसा, धानोरा भागात ग्रामसभांच्या मालकीची अशी बांबू प्रक्रिया केंद्रे उभी राहावीत, की जेथे गोल काडी निघेल, उरलेल्याचा कोळसा होईल आणि बांबूचा तुकडाही वाया जाणार नाही. शुल्काची भिंत पाच-सात वर्षांचा अवकाश देते. त्या अवकाशात घर उभारले नाही, तर भिंत पडल्यावर दोष भिंतीला देऊ नये.

शासनाकडे मागणे मागताना आपणही आपल्या देव्हाऱ्याकडे पाहिले पाहिजे. देशातील घराघरांत रोज अगरबत्ती लावली जाते. देवस्थाने, गणेशोत्सव मंडळे, गृहनिर्माण संस्था आणि प्रत्येक कुटुंब यांनी दुकानदाराला फक्त एक प्रश्न विचारायचा आहे: काडी कुठली? पहिल्या दिवशी तो हसेल. दहाव्या दिवशी तो घाऊक व्यापाऱ्याला विचारील. शंभराव्या दिवशी त्या व्यापाऱ्याला गडचिरोलीचा रस्ता विचारावा लागेल. मात्र तो येथे येईल तेव्हा त्याला हवी तशी गोल, एकसारखी काडी हवी तितकी देता आली पाहिजे. तेवढी तयारी आपण केली, तर कोणत्याही कराराला भिण्याचे कारण आरमोरीला उरणार नाही.